झाडामागचा दोरा

८ मार्च, रविवार

अकरा दिवस! अकरा दिवस ते सिनेमावाले डोक्यावर बसले होते आमच्या. माझ्या कपड्यांच्या पेट्यांवर बूट घालून उभे राहिले. दोन मखमली झग्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि काढताना लव ओरबाडून नेली. आणि एवढं करून निघालं काय — तर हे!

काल संध्याकाळी सिनेमा दाखवला एकदाचा. आमची सगळी नाटक कंपनी नटूनथटून गेली, लग्नाला निघाल्यासारखी. परत आली ती दाढ काढून आल्यासारखी.

म्हणे माहितीपट. पण खोटा माहितीपट! दिसायचा खऱ्यासारखा, आत सगळं बनवलेलं. चष्म्यानं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. (चष्मा म्हणजे तो फिल्मवाला. नाव मोठंथोरलं आहे, आम्ही चष्माच म्हणतो.) नाटकवाली माणसं आपल्या भाषेतलं एक जुनं संगीत नाटक उभं करतायत, कॅमेरा त्यांच्या मागे मागे, आणि एकेक गोष्ट फसत जाते. लोकांनी पोट धरून हसायचं.

कोण हसलं? एक टोप पडतो. मग दुसरा टोप पडतो. तिसरा पडला तेव्हा माझ्या पुढचा माणूस फोन बघत होता. एका आरशासाठी दोन नट भांडतात — वीस मिनिटं! कॅमेरा मुद्दाम हलवलेला, मला मळमळायला लागलं. आणि शेवटी म्हणे नाटक होतच नाही, पडदाच अडकतो. अरे, पडदा अडकला तर आम्ही हातानं ओढतो! मी स्वतः ओढलाय, खांदा आठ दिवस धरला होता. प्रयोग होतोच. एवढं अकरा दिवसांत दिसलं नाही यांना?

सगळ्यात राग कशाचा, तर ताईच्या, आमच्या मुख्य गाणारणीच्या, गाण्याचा. नावाडीण नदीकाठी वाट बघते ते गाणं. अख्खं घेतलं होतं त्यांनी, तीन कॅमेरे लावून. चष्मा स्वतः डोळे पुसत होता, मी पाहिलंय. आणि सिनेमात? दोन ओळी. त्यापण मागे कुठेतरी. पुढे आमचा मॅनेजर केळं खातोय.

आमच्यावर हसायला आले होते, पण हसायचं कशावर तेच कळलं नाही त्यांना. आमच्यात काय कमी आहे का हसण्यासारखं!

एकदाच हसलं सगळं थिएटर. एकदाच.

त्याबद्दल आज लिहायचं नाही.

९ मार्च, सोमवार

झगे वाळत घातले. ताईचा काही निरोप नाही.

१० मार्च, मंगळवार

लेक दवाखान्याच्या काउंटरवर बसते. संध्याकाळी घरी आली ती हसतच. "आई, तू फेमस झालीस!" फोन माझ्या नाकाला लावला. बघते तर माझंच तोंड. सिनेमातला माझा तुकडा कुणीतरी कापून सोडून दिलाय आणि तो फिरतोय. "नऊ हजार लोकांनी बघितला. पिक्चरला काळं कुत्रं जाणार नाही, पण तू सुपरहिट!"

मी म्हटलं, बंद कर ते.

"अगं, पण किती खरं वाटतं! सुचलं कसं तुला?"

सुचलं कसं!

लिहूनच टाकते. सांगायचं तरी कुणाला.

त्या दिवशी चष्मा एकेकाला खुर्चीवर बसवून विचारत होता. कंपनीबद्दल काहीतरी खोटं सांगा, जितकं अशक्य तितकं चांगलं. सगळ्यांनी सांगितलं. ऑर्गनवाले काका म्हणाले, मी झोपेत वाजवतो, बायको शेजारी बसून पानं उलटते. मॅनेजर म्हणाला, आमच्या नायकाला उजेडाची भीती वाटते, म्हणून तो डोळे मिटून काम करतो. नाटकवाल्यांना काय, तोंड उघडलं की निघतंच. मग माझी पाळी आली. मला काही सुचेना. मी कपडे सांभाळणारी बाई. फाटलं तर फाटलं म्हणते, डाग पडला तर डाग म्हणते. जन्मात गोष्ट रचली नाही. लेक लहान होती, गोष्ट सांग म्हणून रडायची, तर मी तिच्यापुढे बटणांचा डबा उपडा करायची. खेळ म्हणायची.

चष्मा घड्याळ बघायला लागला. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

म्हणून मी खरं सांगितलं!

डोक्यात एवढंच आलं की इथं सगळं खोटंच चाललंय, तर त्यात खरं टाकलं तरी खोट्यातच जमा होईल. कोण विश्वास ठेवणार?

म्हटलं, आमच्या मोठ्या गाणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना ऐकूच येत नाही. सूर गळ्यात पक्का आहे, पण कधी सुरू करायचं ते कळत नाही. म्हणून मी त्यांच्या कमरपट्ट्याला मागून काळा दोरा बांधते आणि रंगवलेल्या झाडामागे बसते. एकदा ओढलं — गा. दोनदा ओढलं — थांब.

खोलीतली सगळी हसली. कॅमेरावाला तर खांदे हलवून. चष्मा म्हणाला, कमाल! कमाल! पुन्हा एकदा सांगा, हातानं करून दाखवा.

आणि मी दाखवलं. वर आणखी म्हटलं, "गाय बांधतात ना, तशी बांधते. ओढलं की हंबरते."

हे मात्र खरं नव्हतं. एवढं एकच मी रचलं. जन्मात पहिल्यांदा काही रचलं, तर ते हे.

११ मार्च, बुधवार

पहिल्यांदा सांगितलं ते सुचेना म्हणून. ठीक. पण दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा मला मजा येत होती. सव्वीस वर्षं पडद्याच्या मागे काढली. माझं ऐकून एवढी माणसं कधी हसली नव्हती. एक जण "कमाल" म्हणाला आणि मी विकली गेले.

आणखी एक. थिएटरात मी ताईच्या उजव्या बाजूला बसले. जागाच तशी मिळाली, असं आठ दिवस — नाही, चारच दिवस झाले — मनाशी घोकतेय. जागा कसली! डावीकडची खुर्ची मोकळी होती. ताईचा उजवा कान साफ गेलाय. डाव्यात थोडी धुगधुगी आहे, जवळून बोललं तर पोचतं. डावीकडे बसले असते तर तिनं मला विचारलं असतं, "काय म्हणतेस गं तू पडद्यावर?" म्हणून उजवीकडे बसले.

माझा तुकडा आला. थिएटर कोसळलं हसून. ताई पण हसली. पण सगळ्यांच्या नंतर, इकडे तिकडे बघून. म्हणजे कळलं नसणार तिला. बाकीचे हसले म्हणून हसली असणार.

असं मी धरून चाललेय.

१२ मार्च, गुरुवार

मॅनेजरनं ऑफिसात बोलावलं. टेबलावर फोन, फोनमध्ये मी, दोरा ओढतेय. आवाज बंद केलेला होता तरी माझं तोंड चाललंच होतं.

"हे काय, बाई?"

"तुमचाच सिनेमा."

"खरं आहे का हे?"

"नायकाला उजेडाची भीती वाटते म्हणालात, ते खरं आहे का?"

"उलट बोलू नका."

"खोटं सांगा म्हणाले, खोटं सांगितलं. बाकी सगळ्यांचं खोटं आणि माझंच खरं कसं?"

तो माणूस मूर्ख नाही, हीच अडचण आहे. म्हणाला, "मग ऑर्गन सहा वर्षं डावीकडेच का?" म्हटलं, उजवीकडे काकांना वारा लागतो. "आणि ताई सातही गाणी त्या झाडापाशीच का म्हणतात?" म्हटलं, शोभतं म्हणून. पेपरात छापून आलं होतं, झाडापाशी खिळून गाण्यात केवढा ठेहराव आहे म्हणून! कात्रण माझ्याकडे आहे.

तो बोटांनी टेबल वाजवत राहिला. मग म्हणाला, "एकोणतीस तारखेला नवं थिएटर उघडतंय. पहिला प्रयोग आपला. बाराशे खुर्च्या. तिथं मला दोरे नकोत. शनिवारी तालीम घेऊ, बघू."

बाहेर आले आणि जिन्यात बसले. सहा वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. रंगपटात मी ताईची वेणी घालत होते. ताई माझ्याशी आरशातच बोलते. मी मागे हूक लावणार, आंबाडा बांधणार, ती समोर बघत बोलणार. समोरासमोर आम्ही फारशा बोलतच नाही. त्या दिवशी आरशातून म्हणाली, "ऑर्गन लांब चाललाय गं माझ्यापासून." मला आधी कळलंच नाही, मी म्हटलं, सांगते काकांना पुढे सरकवायला. ती रडत होती.

दोऱ्याची युक्ती माझी. रीळ बोटात, काका काय वाजवतात तिकडे कान. सहा वर्षांत एकदा चुकले नाही मी. एकदा शिंक आली तर दात आवळून धरली.

कुणाला सांगायचं नाही, असं ती कधी म्हणालीच नाही. म्हणायची गरज नव्हती.

१४ मार्च, शनिवार

तालीम झाली.

ऑर्गन उजवीकडे नेऊन ठेवला होता. झाडामागे मॅनेजर, स्वतःची खुर्ची टाकून. मला म्हणाला, "बाई, आज तुम्ही समोर बसा. आराम करा." दोऱ्याचं रीळ माझ्या खिशात. मी पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, पाहुणी असल्यासारखी.

पहिलं गाणं निभावलं. ताईनं काकांचं कोपर बघून अंदाज घेतला. दुसऱ्या गाण्यात ती काकांकडे पाठ करून उभी असते. काकांनी सुरुवातीचे सूर वाजवले. ताई गप्प. पुन्हा वाजवले. मी इथून हात वर केला, दोन्ही हात वर केले, पण दिवे तिच्या डोळ्यांत. तिला मी दिसेना. तिनं मान वळवून झाडाकडे बघितलं, माझ्या जागेकडे. तिथून मॅनेजरनं हात हलवला. गाडीतल्या माणसाला हलवतात तसा.

तेव्हा कळलं तिला.

मग तिनं आपल्या मनानंच सुरू केलं. दोन मात्रा आधी. सूर? केसभर हलला नाही! पण दोन मात्रा आधी. काका तिला गाठायला धावले, बोटं अडखळली, सगळं विस्कटलं.

मॅनेजर पुढे येऊन मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून बोलायला लागला. "ताई — तुम्ही — थकलात. या — प्रयोगाला — विश्रांती — घ्या."

ताई म्हणाली, "ओरडू नका. काय म्हणताय ते दिसतंय मला."

टोमणा मारावा तर तिनंच.

रंगपटात मी तिचे हूक सोडत होते. ती आरशातून म्हणाली, "आज दोरा नव्हता."

मी मान हलवली.

"त्याला कुणी सांगितलं गं?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. चार-पाच. मी त्या तशाच धरून ठेवल्या.

१५ मार्च, रविवार

टाचण्या काढून बोलता आलं असतं.

१६ मार्च, सोमवार

नावाडणीचं काम धाकटीला दिलं. धाकटी म्हणजे आजवर नाटकात ताईच्या मुलीचं काम करायची ती. सकाळीच हुकूम आला, निळा झगा तिच्या मापाचा करा. कंबर दोन बोटं आत घ्यायची, खांदे उतरवायचे.

तिला स्टुलावर उभी केली. कमरपट्ट्याच्या मागे मखमल झिजून बोटाएवढा गोल झालाय, दोऱ्याचा हूक सहा वर्षं घासून. तिनं हात मागे नेऊन चाचपलं. "इथं काय झालंय हो, काकू?"

"जुना आहे झगा."

जरा वेळानं म्हणाली, "ताई रागावल्यात का माझ्यावर?"

"सरळ उभी राहा."

"मी मागितलं नव्हतं हो काम. तिसरं गाणं मला झेपत नाही. वरचा सूर आला की आवाज फाटतो." आणि रडायलाच लागली, स्टुलावर उभ्या उभ्या. हिला शिव्या घालायची मी रात्रभर तयारी केली होती! एक कामाला आली नाही. तिच्या नाकाचं पाणी झग्यावर पडू नये म्हणून रुमाल दिला.

मग शिवण उसवायला घेतली. माझीच शिवण, बारीक, घट्ट. मीच घातली, मीच उसवली. दोनदा सुई बोटात गेली. बरं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

आज ताईकडे गेले. सांगायचंच असं ठरवून.

तिच्या दाराची बेल दाबली की आत दिवा लागतो. वायरमनकडून करून घेतलंय. शेजारणींना सांगते, हल्ली अशीच फॅशन आहे. दार उघडलं, केस ओले. माझ्याकडे बघितलं, ना या ना बसा. म्हणाली, "आलीच आहेस तर वेणी घाल."

झोपायच्या खोलीत कपाटासमोर स्टूल आहे, त्यावर बसली. मी मागे. कंगवा हातात आला की मला धीर येतो. तीन पेड केले. आणि मग मी वाकून, तिच्या उजव्या खांद्याशी तोंड नेऊन, सगळं सांगितलं. खोटं सुचलं नाही म्हणून खरं सांगितलं ते. हसली माणसं ते. पुन्हा करून दाखवलं ते. गायीचंपण सांगितलं. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता इतका हळू, पण एक शब्द गाळला नाही.

ती मधे एकदा फक्त म्हणाली, "घट्ट घालू नकोस, डोकं दुखतं."

मग चहा केला तिनं. बिस्किटं दिली. मी दोन खाल्ली. जिना उतरताना एकदम हलकं वाटलं.

१९ मार्च, गुरुवार

रात्री झोप लागली छान. सकाळी लेक म्हणाली, आज गुणगुणतेस काय! दोन वेळा पोटभर जेवले.

दुपारी भांडी घासताना आठवलं.

उजवा खांदा. उजवा कान!

आठवलं कसलं. माहीत होतं. वाकतानाच माहीत होतं मला. थिएटरात उजवीकडे बसले आणि काल उजवीकडे वाकले. जो कान सहा वर्षं मेलेला आहे, त्याच्यात जाऊन कबुली देऊन आले. आणि वर तिची बिस्किटं खाऊन आले! भिंतीला सांगितलं असतं तरी तेवढंच झालं असतं. भिंतीनं चहा तरी दिला नसता.

२१ मार्च, शनिवार

पेट्यांच्या किल्ल्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय? प्रयोग आठ दिवसांवर आलाय!"

"धाकटीचा झगा झालाय. प्रत्येक पेटीत यादी आहे, कुणालाही वाचता येईल."

"कारण?"

"डोळे दुखतात." हे बघा, आता खोटं सुचायला लागलं!

जिन्यात ऑर्गनवाले काका भेटले. मला सुरुवातीपासून टाचणी म्हणतात, टोचते म्हणून. "काय गं टाचणे, तू चाललीस तर माझ्या कोटाचं बटण कोण लावणार? मी उघड्या पोटानं वाजवू?"

मी हसले नाही. मग तेही हसायचे थांबले. म्हणाले, "दोरा ऑर्गनवरून दिसतो. पहिल्या प्रयोगापासून दिसतो. दिव्याचा उजेड पडला की चमकतो."

"मग बोलला नाहीत कधी?"

"कुणाला?" असं म्हणाले आणि वर निघून गेले.

बस, एवढंच. "कुणाला?" घरापर्यंत तेच डोक्यात.

२३ मार्च, सोमवार

पत्र लिहायला घेतलं. ताईला ऐकू येत नसलं तरी वाचता येतं, मग उजवं-डावं काही उरत नाही. चार कागद फाडले. माझं शिक्षण चौथी. "ताईस सप्रेम नमस्कार" याच्या पुढे जाईना. नमस्कार लिहिला की हात खोटा होतो.

मग ही वहीच समोर दिसली. पंधरा वर्षांपूर्वी पहिली वही ताईनंच आणून दिली होती. म्हणाली, नुसत्या कपड्यांच्या याद्या काय लिहितेस, दिवसही लिही जरा, हात वळेल. तेव्हापासूनची ही तेरावी. कुणाला दाखवली नाही कधी. लेकीला हातसुद्धा लावू देत नाही.

ताईची शाल रंगपटात राहिली होती, ती माझ्याकडे आहे. धुऊन घडी केली. घडीत ही वही घालते. लेक दवाखान्यात जाता जाता देईल.

ताई, आठ तारखेपासून वाच. अक्षर घाण आहे. जे आहे ते असं आहे. पुढचं पान कोरं राहिलं तर मी समजून जाईन.

२५ मार्च, बुधवार

वही तुझी, पण आजची तारीख मी टाकतेय. मी, ताई.

वाचलं सगळं. थिएटरात पडद्यावर तुझं तोंड घराएवढं होतं, बाई! सव्वीस वर्षं तेच तोंड मी आरशात वाचतेय. मला कान कशाला हवेत? पहिल्या शब्दापासून कळलं. गायीचंपण. उशिरा हसले, कारण हसायला वेळ लागला.

आणि त्या दिवशी तू उजवीकडे वाकून पुटपुटत होतीस, तेव्हा कपाटाचा आरसा कुठे होता गं? माझ्या समोर!

लागलंय मला. ते शालीसारखं धुऊन निघणार नाही. पण सहा वर्षं तू गप्प होतीस ती माझ्यासाठी, आणि मी गप्प होते ती भीतीनं. काल मीच मॅनेजरपुढे उभी राहिले आणि म्हटलं, मला ऐकू येत नाही. धाकटी तिथंच होती. तिनं नावाडीण परत केली, सुटल्यासारखी पळाली. मॅनेजर म्हणतो, दोरा धरणारी असेल तर गा, नाहीतर प्रयोग रद्द. तुझ्या किल्ल्या या वहीबरोबर पाठवतेय.

झग्याची कंबर उसव. दोरा काळा नको, लाल आण. जाड आण. शेवटच्या खुर्चीवरच्याला दिसला पाहिजे.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं. हो की नाही. तोंडात टाचण्या न धरता, माझ्या समोर उभी राहून.